खिळ्यावरचा गिलास

मधल्या सुट्टीची घंटा झाली की त्या शाळेत पाण्यासाठी दोन रांगा लागत. त्या लावायला कोणी सांगत नसे, आणि मोडायलाही.

पहिली रांग शेडच्या पुढे, लिंबाखाली ठेवलेल्या तीन माठांपाशी. तिथे पितळी गिलास होते. मुलं ढकलाढकली करत, गिलास माठात बुडवत, निम्मं पाणी पीत, निम्मं एकमेकांच्या अंगावर उडवत. दुसरी रांग शेडच्या मागे. तिथे पत्र्याला टेकून उभ्या केलेल्या लाकडी खांबावर एक खिळा होता आणि खिळ्यावर अल्युमिनियमचा, पोचे पडलेला एक गिलास. या रांगेतल्या मुलांनी तो आपल्या हाताने काढायचा, खाली वाकून धरायचा, आणि पाणी भरणारी शकुबाई हातभर उंचावरून त्यात पाणी सोडायची. पिऊन झालं की गिलास पुन्हा खिळ्यावर. शकुबाई आधी पुढची रांग आटोपून मागे यायची. तिला उशीर झाला आणि तोवर घंटा झाली, तर मागची रांग तशीच वर्गात परतायची.

साल १९५७. भिलाईत पोलादाच्या कारखान्याचे पाये भरले जात होते. जिथे दोन वर्षांपूर्वी धानाची शेतं होती तिथे दिवसभर काँक्रीटची यंत्रं घरघरत आणि लाल मुरमाची धूळ माणसांच्या भुवयांवर बसे. नागपूर-भंडाऱ्याकडून कामाला आलेल्या लोकांनी मुलांसाठी कामगारांच्या कँपाजवळ पत्र्याच्या शेडमध्ये ही मराठी शाळा उघडली होती. शाळा नवी, फळा नवा, टाटपट्ट्या नव्या. मागच्या रांगेत उभी राहणारी सात मुलंही एका अर्थाने नवीच होती. त्यांच्या आईबापांनी आदल्या वर्षी नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती, घरातले देव वैनगंगेत सोडले होते, गावाची वेस ओलांडून ते कारखान्यात आले होते. खिळा मात्र त्यांच्या मागोमाग गावाहून इथवर चालत आला होता.

सत्यशीला त्या सातांतली सर्वांत मोठी. तेरा वर्षांची, आठवीत.

"शकुमावशी, इतक्या वरून नको वो टाकू. सारं फराकीवर सांडते माह्या."

"मंग जराशी वाकून धर ना माय," शकुबाई म्हणाली. ती स्वतः विधवा, दोन वेळच्या भातासाठी ही नोकरी धरून बसलेली. "मले असंच टाकाले सांगतलं हाय. मी काय करू?"

तेवढ्यात घंटा झाली. सत्यशीलाने दोन घोट घेतले आणि मागे उभ्या असलेल्या लहान पोराला गिलास दिला. "पटकन पी रे. मास्तर आले."

आठवीच्या वर्गाचे शिक्षक बाबाराव मास्तर मनाने फार चांगले. पन्नाशी उलटलेली, डोक्यावर पांढरी टोपी, खिशात मुलांच्या पेन्सिलींना टोक करायची छोटी सुरी. कोणा मुलाला त्यांनी कधी छडी मारली नव्हती. नागपूरचं वर्तमानपत्र त्यांना एक दिवस शिळं मिळायचं आणि त्यातली एखादी बातमी ते रोज वर्गात वाचून दाखवायचे. त्या दिवशी वाचता वाचता त्यांचा आवाज कापायला लागला.

"मुलांनो, अमेरिकेत एका शहरात एक मोठी, जुनी, नावाजलेली सरकारी शाळा आहे. दोन हजार मुलं शिकतात. सगळी गोरी. तिथल्या न्यायालयाने सांगितलं की काळ्या मुलांनाही याच शाळेत घ्या. नऊ मुलं निघाली. तर शाळेच्या दारात गोऱ्या लोकांची झुंबड! शिव्या दिल्या, अंगावर थुंकले. एक मुलगी एकटीच होती, वह्या छातीशी धरून चालत राहिली. शेवटी त्यांना आत न्यायला फौज बोलवावी लागली. शाळेत जायला फौज!"

पुढच्या पट्टीवर बसणाऱ्या रंभाच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्वांत मागच्या पट्टीवरून सत्यशीलाचा हात वर झाला.

"गुरुजी, ते पोरगी शाळेत पानी कुठचं पेते?"

बाबाराव मास्तरांनी चष्मा पुसला. "काळ्यांसाठी तिकडे पुष्कळ ठिकाणी वेगळे नळ असतात, असं मी वाचलंय. काय ही माणसं! शिकलेली, श्रीमंत, आणि मन एवढं!" त्यांनी बोटाच्या पेरावर मनाचं माप दाखवलं.

खांबावरचा तो खिळा मास्तर रोज पाहत होते. छत्री टांगायला दुसरा खिळा नव्हता म्हणून पावसाळ्यात एकदा त्यांनी तो गिलास उचलून खाली ठेवला होता आणि छत्री टांगली होती. त्या दिवशी वर्गात जाण्याआधी त्यांनी हात धुतले होते. का धुतले, ते त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं.

*

त्या बातमीवर मास्तरांनी नाटक लिहिलं. सव्वीस जानेवारीला शाळेचं पहिलं स्नेहसंमेलन होतं आणि कारखान्याचे एक रशियन इंजिनियर साहेब पाहुणे म्हणून येणार होते. शाळा समितीचे अध्यक्ष मारोतराव, कारखान्याच्या गोदामावर मोठे बाबू, त्यांना नाटक एकदम पसंत पडलं.

"वा मास्तर! अमेरिकेची फजिती! रशियन साहेब खूश होऊन जाईन. शाळेले पक्की इमारत मागून घेऊ त्याच वक्ताले."

नाटकात रूथ नावाची काळी मुलगी आणि एलिस नावाची गोरी मुलगी. शेवटच्या प्रवेशात, सगळ्यांनी टाकलेल्या रूथला एलिस आपला गिलास पुढे करते. आधी स्वतः पिते, मग रूथ त्याच गिलासातून पिते, आणि पडदा पडतो.

एलिस झाली रंभा. तिचे वडील तेजराम पाये भरणाऱ्या एका टोळीचे मेट, म्हणजे मुकादम होते. रूथ कोण होणार, याची चर्चासुद्धा झाली नाही.

"सत्यशीला, तुझा आवाज खणखणीत आहे. तू रूथ," मास्तर म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटलं की आपण आवाजामुळेच तिला निवडलं.

आता गंमत अशी की रंभा रंगाने सत्यशीलापेक्षा दोन छटा सावळी होती. चिंधूने ते बोलूनही दाखवलं. चिंधू म्हणजे वर्गातला सर्वांत उंच पोरगा, नाटकातल्या गोऱ्या जमावाचा पुढारी. "गुरुजी, रंभा त जांभूळ हाय. तिले गोरी कराले सुपेल्याच्या बाजारातली सारी पावडर आणा लागन!" सगळे हसले. रंभाने त्याला वही फेकून मारली. मास्तरही हसले. "अरे, रंगभूषा म्हणून काही असतं की नाही? रंभाला पावडर, सत्यशीलाला चुलीची काजळी. झालं."

सत्यशीला हसली नाही. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. सगळे पांगल्यावर ती मास्तरांपाशी आली.

"गुरुजी, आखरीच्या प्रवेशात गिलासात खरं पानी राहीन का?"

"अगं, हो तर! खरं पाणी."

"अन् रंभाचाच गिलास? पितळी?"

"तोच. त्यातच तर सगळं आहे, वेडे! एकच गिलास, दोन मुली. मी शब्द देतो तुला."

तिने तो शब्द उराशी धरून घरी नेला. कँपात, चटयांच्या भिंती असलेल्या झोपडीत तिची आई कमला भात गाळत होती.

"माय, मी साऱ्यायच्या समोर पितळी गिलासातून पानी पेनार हावो. रंभाच्या हातून. गुरुजी म्हनत होते, शब्द देला त्यायनं."

कमलाचा हात थांबला. "साऱ्यायच्या समोर? मारोतरावायच्या?"

"हाव. अन् रशियन साहेबाच्या पन."

बाप लहानू तेजरामच्याच टोळीत सळया बांधत असे. तो दारात बसून पायाची माती खरवडत होता. "कामावर त तेजराम मेट अन् मी एकाच टँकराच्या तोटीले ओंजळ लावतो," तो म्हणाला. "मी एक डाव विचारलं त्यायले, मेट, इथं चालते, मंग शाळेत कावून नाई चालत? त म्हने, हे कंपनीचं पानी हाय लहानू, अन् ते घरचं." मग तो लेकीकडे वळला. "तू पेऊन दाखव शिला. एक डाव साऱ्यायनं पाह्यलं ना, की मंग ते खिळा कोनाले दाखवता येनार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमलाने ट्रंकेतून पांढरं लुगडं काढलं. नागपूरला दीक्षा घेताना ती तेच नेसली होती. त्यानंतर एकदाही नाही. तिने त्याची घडी दोनदा उलगडली, दोनदा मिटली. मग कात्री लावली. लेकीचा नाटकातला फ्रॉक त्यातून निघाला. गुडघ्याखाली येणारा, गळ्याला चुणी असलेला.

*

तालमी सुरू झाल्या. जमावातली पोरं पहिल्या दिवशी नुसतीच उभी राहिली.

"अरे, असं काय पुतळ्यासारखं! तुम्हाला ही मुलगी शाळेत नकोय. द्वेष दिसला पाहिजे!" मास्तर ओरडले.

"काय म्हनू गुरुजी?" चिंधूने विचारलं.

"तुझ्या मनाला येईल ते म्हण."

चिंधूने क्षणभर विचार केला. मग तो सत्यशीलाच्या तोंडाजवळ गेला आणि ओरडला, "दूर हो! शिवशीन मले! आमच्या माठाले हात लावशीन त हात तोडून टाकीन तुहा!"

मागून दुसरा, "बुडाखाली गोनपाट घेऊन बस!" तिसरा, "सावली पाडू नको!" एकदा तोंड फुटल्यावर पोरं थांबेनात. त्यांना काही पाठ करावं लागलं नाही. आजी, काका, मामी यांच्या तोंडून ऐकलेलं सगळं बाहेर आलं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये अमेरिका कुठे उरलीच नाही.

"शाबास!" मास्तरांनी टाळी वाजवली. "किती जिवंत!" आणि त्यांनी ती वाक्यं जशीच्या तशी नाटकाच्या वहीत उतरवून घेतली.

सत्यशीला वह्या छातीशी धरून चालत राहिली. महिनाभर रोज चालली. शाळा सुटल्यावर पोरं रस्त्यावरही तेच ओरडायची. "तालीम करून राहिलो बे!" म्हणायची आणि खिदळायची. एकदा चिंधूने मारलेलं ढेकूळ तिच्या पाठीला लागलं. ती घरी बोलली नाही. तिला शेवटच्या प्रवेशापर्यंत पोचायचं होतं. त्या एका घोटासाठी ती काहीही सोसायला तयार होती.

*

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. मंडप सजत होता. रंभाची आई सिंधुताई हातात पितळी गिलास घेऊन तरातरा आली आणि थेट मास्तरांपुढे उभी राहिली.

"काय वो मास्तर, हे काय आयकून राहिली मी? माही पोरगी तिच्यासंगं एका गिलासात पानी पेनार?"

"सिंधुताई, ते नाटक आहे."

"नाटक नाटकाच्या जागी. गिलास त खरा हाय ना? पानी खरं हाय, तोंड खरं हाय. उद्या पोरीची सोयरीक कोन करन, तुमी? गावच्या लोकायले समजलं त आमच्या घरचं पानी कोनी पेनार नाई."

मारोतराव आले. त्यांनी आवाज चढवला नाही. समजूतदार माणसाने बोलावं तसं ते बोलले. "मास्तर, भावना आमाले समजते. पन लोकं जमून राहिले. आजचा दिवस पार पडू द्या. असं करा, गिलास रिकामाच ठेवा. पाहनाऱ्याले कुठं दिसते पानी हाय का नाई ते? रंभानं तोंडाले लावल्यासारखं कराचं, तिनं पन कराचं."

"आन् माहा गिलास मी देनार नाई," सिंधुताई म्हणाली. "त्यायचा त्यायले हाय ना मागं टांगलेला? थोच घ्या."

बाबाराव मास्तर काहीतरी म्हणायला गेले. ओठ हलले. मंडपाच्या दारात कोणीतरी ओरडलं, "साहेबाची गाडी आली!" आणि मास्तरांना आपण न बोलण्यासाठी एक कारण मिळालं. शकुबाईने खिळ्यावरचा गिलास काढून राखेने लख्ख घासला. मास्तरांनी रंभाला सगळं समजावून सांगितलं. सत्यशीलाला सांगायचं त्यांनी पुढे ढकललं. मग आणखी पुढे ढकललं. मग पडदा उघडला.

सत्यशीला सकाळपासून पाणी प्यालेली नव्हती. शकुबाई पाहुण्यांच्या गडबडीत होती. मागच्या रांगेकडे त्या दिवशी कोणी फिरकलंच नाही. बाकीची सहा मुलं कुरकुरत होती. "मी त आता स्टेजवरच पेनार," सत्यशीला त्यांना म्हणाली. चेहऱ्यावर, हातांवर चुलीची काजळी, अंगात आईच्या लुगड्याचा पांढरा फ्रॉक. मंडपाच्या अगदी मागे, दोरीच्या पलीकडे, लहानू आणि कमला उभे होते. लहानूने शर्टाला सगळी बटणं लावली होती.

नाटक रंगलं. पावडरीने पांढरीफटक झालेली पोरं दात-ओठ खाऊन ओरडत होती. "दूर हो! शिवशीन मले!" सत्यशीला वह्या छातीशी धरून चालत होती, आणि मंडपातल्या बायका पदराने डोळे टिपत होत्या. सिंधुताईसुद्धा. "काय वो हे अमेरिकेवाले," तिने शेजारणीला म्हटलं. "लेकरू हाय ना थे! दयामाया काही हाय का नाई यायले?" पहिल्या रांगेत रशियन साहेब आणि त्यांच्या पत्नी दुभाष्याचं कुजबुजणं ऐकत मान हलवत होते.

शेवटचा प्रवेश. एलिस झालेली रंभा गिलास घेऊन आली. घामाने तिच्या पावडरीचे ओघळ झाले होते. तिने गिलास ओठांजवळ नेला, पण लावला नाही, आणि पुढे केला.

"घे रूथ. आपण दोघी एकाच देवाची लेकरं आहोत. पी."

सत्यशीलाने हात पुढे केला आणि तिला गिलास दिसला. तोच. तीन पोचे, काठाला एक चीर. तिने तो घेतला. हलका होता.

तिने आत पाहिलं.

"पी ना," रंभा दाताखालून पुटपुटली. "लवकर पी."

"यात पानी नाई."

"नाटक हाय वो. पी म्हनलं ना! माय पाहून राहिली."

लोकांना वाटलं, रूथ भारावली आहे. सत्यशीलाने पडद्यामागे पाहिलं. मास्तर हातात वही घेऊन उभे होते. त्यांनी हाताने खूण केली, पी, पी. तिने गिलास सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि उपडा केला. एक थेंब पडला नाही.

"गुरुजी, तुमी शब्द देला होता," ती म्हणाली. खणखणीत आवाजात. "यात पानी नाई."

मग ती मंचावरून खाली उतरली. मंडपाच्या कडेला पाहुण्यांसाठी तीन माठ ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले होते. शकुबाई त्यांच्यापुढे आडवी झाली. "शिला, नको माय, नको. मारतीन तुले." सत्यशीलाने तिला हाताने हळूच बाजूला केलं. झाकणावरचा पितळी गिलास घेतला, माठात बुडवला, भरून वर काढला. आणि ती प्यायली. घाईने नाही. पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरलं, काजळीत एक उजळ रेघ काढत गेलं. गिलासाच्या काठावर तिच्या ओठांचा काळा ठसा उमटला.

संपूर्ण मंडपात एकाच माणसाने टाळ्या वाजवल्या. रशियन साहेबांनी. त्यांना वाटलं, हाच नाटकाचा शेवट.

"बाटवलं!" सिंधुताई उठून उभी राहिली. तिच्या गालांवर मघाचं पाणी अजून ओलं होतं. "सारं बाटवलं वो हिनं!"

मारोतरावांनी मंडपाचा बांबू उपसला आणि एका पाठोपाठ एक तिन्ही माठ फोडले. पाणी सतरंज्यांखाली पसरलं. पावडर लावलेली पोरं मंचावरून उड्या टाकून आली आणि महिनाभर तोंडात बसलेली तीच वाक्यं ओरडू लागली. "हात तोडून टाकीन तुहा!" या वेळी कोणी तालीम म्हणालं नाही. चिंधूने माठाची खापरी उचलली आणि फेकली. ती सत्यशीलाच्या कपाळावर बसली. रक्त काजळीवरून खाली आलं आणि पांढऱ्या फ्रॉकवर टपकलं.

लहानू दोरी ओलांडून धावला. त्याला मधेच पकडलं ते तेजरामने, त्याच्याच मेटाने. मागून गळ्यात हात घालून त्याला मातीत दाबलं. "गप राय लहानू. हे कंपनी नाई." लहानूचं तोंड सांडलेल्या पाण्याच्या चिखलात होतं. कमला ओरडत होती, पण तिचा आवाज कोणाच्या कानात गेला नाही.

"काय चाललंय?" रशियन साहेबांनी दुभाष्याला विचारलं असावं. दुभाष्या घाईने उठला, त्यांच्या पत्नीला हात देत काहीतरी म्हणाला, आणि मारोतरावांकडे पाहून मराठीत पुटपुटला, "सांगितलं त्यांना, नाटक संपलं म्हणून."

बाबाराव मास्तर अजून पडद्यामागेच होते. बाहेर जे ओरडलं जात होतं ते सगळं त्यांच्या हातातल्या वहीत, त्यांच्याच सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं.

*

समितीने दुसऱ्याच दिवशी ठराव केला. बेशिस्त वर्तन आणि शाळेच्या वस्तूंची नासधूस, सबब कुमारी सत्यशीला लहानू हिचं नाव पटावरून कमी करावं. माठ कोणी फोडले, हे ठरावात नव्हतं. माठ फोडणारेच ठरावावर सही करणारे होते. अस्पृश्यता पाळणं गुन्हा आहे असा कायदा होऊन तेव्हा तीन वर्षं होत आली होती. मारोतरावांच्या कचेरीत त्याचं पत्रक भिंतीला चिकटवलेलंही होतं.

"आजच्या आज नाव कमी करा मास्तर," मारोतराव म्हणाले. "अन् थे बाकीचे सहा सध्या घरीच राहू द्या. वातावरन थंडं होऊ द्या."

दुपारी शाळा सुटल्यावर मास्तर पट उघडून एकटेच बसले होते. लेखणी शाईत बुडवली होती. दारात सत्यशीला आली. कपाळावर चिंधी बांधलेली. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. तिने नाटकातला आपला भाग उतरवलेली वही पुढे केली.

"हे शाळेची वही, गुरुजी. वापस आनली."

"आत ये ना, बाळ."

ती आली नाही. मास्तरांनी विचारलं, "फ्रॉक... धुतला का?"

"मायनं धुतला. रक्त गेलं. काजळी नाई गेली."

"सत्यशीला, मी..." मास्तरांनी लेखणी खाली ठेवली. "मी तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

तिने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिला खरंच एक गोष्ट विचारायची होती, विद्यार्थ्याने मास्तरांना विचारावी तशी.

"गुरुजी, ते अमेरिकेतली पोरगी. फौज घेऊन शाळेत गेली ना. मंग तिले आतमंदी पानी भेटलं का?"

मास्तरांनी आठवून पाहिलं. फौजेचं आलं होतं, न्यायालयाचं आलं होतं, दारातल्या गर्दीचंही आलं होतं. "पेपरात तसं काही आलं नाही, बाळ."

"मंग नाई भेटलं असन," सत्यशीला म्हणाली. "भेटलं असतं त छापून आलं असतं."

ती गेली. लेखणीच्या टोकावरची शाई वाळून गेली.

दुसऱ्या दिवशी बाबाराव मास्तरांनी हजेरी घेतली. पटावर सगळी नावं होती. रंभाचं नाव झालं, चिंधूचं झालं. मग त्यांनी पुकारलं, "सत्यशीला लहानू." उत्तर आलं नाही. मास्तरांनी लगेच पुढचं नाव घेतलं नाही. एक गिलास पाणी शांतपणे प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते मागच्या रिकाम्या टाटपट्टीकडे पाहत थांबले. मग गैरहजेरीची खूण केली आणि पुढे गेले. मारोतरावांनी चिठ्ठी पाठवली. मास्तरांनी ती पटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाव पुकारलं. सुट्टीत ते पुढच्या, नव्या आणलेल्या माठांवर पाणी प्यायचे बंद झाले; मागच्या खांबापाशी जाऊन तो पोचे पडलेला गिलास काढायचे आणि शकुबाईपुढे वाकून धरायचे. "वरून टाक," म्हणायचे. मुलं खिडकीतून पाहायची. पहिले दोन दिवस हसली, मग हसायची थांबली.

असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी वर्गात नवे मास्तर आले. जुने मास्तर कुठे गेले हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही ते नीट ठाऊक नव्हतं. शकुबाईने मात्र कँपाकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाबाराव मास्तरांना पाहिलं होतं. डोक्यावर पांढरी टोपी, काखेत फळा, मागे सहा मुलं. आणि सर्वांत पुढे, त्यांना वाट दाखवत, कपाळावर वण असलेली एक मुलगी.

नव्या मास्तरांचा पटही नवा होता. त्यांनी भराभर नावं घेतली, पट मिटला आणि खडू उचलला.

"मास्तर," पुढच्या पट्टीवरून आवाज आला. रंभा उभी होती. "एक नाव राह्यलं."

"कोणाचं?"

"सत्यशीला लहानू."

चिंधू खाली मान घालून टाटपट्टीचा धागा ओढत बसला.

"या पटावर असं नाव नाही. बस खाली."

"नाई मास्तर. राह्यलं. घ्या."

"घ्या? मला शिकवतेस? जा, बाहेर जाऊन उभी रहा!"

रंभा बाहेर गेली. शेडच्या मागे, उन्हात, त्या लाकडी खांबापाशी उभी राहिली. दुपारपर्यंत उभी राहिली. सुट्टी झाली, पुढे माठांपाशी पितळी गिलासांचा खणखणाट सुरू झाला. चुलीवरचा तवा तापावा तसे पत्रे तापले होते आणि तिचा घसा कोरडा पडला होता.

"चल माय, पुढं चाल, पानी देतो तुले," शकुबाई म्हणाली.

रंभाने मान हलवली. मग टाचा उंच करून तिने खिळ्यावरचा गिलास काढला आणि खाली वाकून धरला.